चित्रासाठी उपटलेली रोपं

हौसामावशीची रोपं मी मारली आणि नाव आईचं सांगितलं. गुन्हा एवढाच आहे, एका वाक्यात मावणारा. पण ते वाक्य तोंडातून बाहेर काढायला मला इतका वेळ लागला, की तेव्हा रांगणारा माझा मुलगा आता दाढी करून हिंजवडीला कामाला जातो.

दरवर्षी आषाढात मळवलीची खाचरं पाण्यानं भरली, की ते वाक्य माझ्या घशाशी यायचं. आणि मजा अशी, की हेच दिवस मला वर्षात सगळ्यात जास्त आवडतात. खाचरात पाणी उभं राहिलं की आमचं मावळ आरसा होतं. त्यात लोहगड उलटा दिसतो, विसापूर उलटा दिसतो आणि बांधावरून जाणारी म्हैस आपल्याच उलट्या पायांवर पाय ठेवत चाललेली दिसते. चिखलणीला आता बैलांच्या जागी टिलर गुरगुरतो, पण त्याच्या मागे लगबगीनं चालणारे बगळे तसेच आहेत, पांढरेशुभ्र, चिखलात राहून एक डाग न लावून घेणारे. चिखलाला वास असतो आणि तो वास गोड असतो, हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. पायाच्या बोटांच्या फटींतून तो गार, लोण्यासारखा गाळ वर सरकतो, तेव्हा अंगातला अर्धा शीण खाली उतरतो. बांधावर भाकरी, सुकट, हिरव्या मिरचीचा ठेचा. चहाच्या कपात पावसाचे थेंब पडत राहतात, त्यामुळे चहा पातळ होत जातो पण संपत मात्र नाही.

आमच्याकडे लावणी सावडीनं होते. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून माझ्या खाचरात, उद्या तुझ्या, परवा तिच्या. ज्याचा दिवस त्यानं जेवण घालायचं. दिवस आधी ठरतात आणि एकदा ठरले की मागेपुढे होत नाहीत, कारण वाफ्यातलं रोप कोणाची वाट बघत नाही. पहाटे रोपं उपटून जुड्या बांधायच्या आणि सूर्य मावळायच्या आत ती चिखलात गेली पाहिजेत. बायका ओळीनं वाकतात, डाव्या हातात जुडी, उजव्या हातानं चार काड्या चिखलात, आणि एकेक पाऊल मागे. लावणी मागे मागे सरकत होते. पुढे हिरवं वाढत जातं आणि बाई त्याच्याकडे तोंड करून मागे जात राहते. लहानपणी मला वाटायचं, बायका खाचराला नमस्कार करत करत निरोप घेतायत.

आणि तोंड तर एक क्षण बंद नसतं. कोणाची सून आळशी, कोणाचा नवरा घोरतो, वराळ्याच्या नव्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्यानं गावाकडे पाठ कशी फिरवली, सगळा निकाल चिखलातच लागतो.

या हिरव्या-गढूळ जगात सिनेमा कुठून आला? खरं तर तो इथं कायमच आहे. मुंबईहून जवळ, पुण्याहून जवळ, त्यामुळे ज्याला डोंगर, धुकं, धबधबा किंवा भुताचा बंगला हवा असतो तो लोणावळ्याला येतो. मी चित्रकलेची परीक्षा दिलेला माणूस. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता शूटिंगच्या सेटवर रंगकाम करायला लागलो. मातीची भिंत दगडी करणं, नवा दरवाजा शंभरी गाठल्यासारखा करणं, थर्माकोलची गणपतीची मूर्ती पंचधातूची करणं, हे माझं काम. तुंगार्लीचा एक बंगला मी वेगवेगळ्या सिनेमांसाठी इतक्या वेळा झपाटलेला करून दिला, की तिथला रखवालदार म्हणायचा, "भाऊ, एकदा तरी हितं बारशाचा सीन करा. माझी बायकू राहायला यायला तयार न्हाई."

त्या कामानं मला एक गोष्ट कळली. सिनेमावाले नवं फार थोडं आणतात. ते आठवण आणतात. दिग्दर्शक येतो तो काखेत एक फाइल घेऊन, आता टॅब घेऊन. त्यात दुसऱ्यांची चित्रं असतात. कुठल्या तरी जगप्रसिद्ध चित्रातल्यासारखा खिडकीतून आडवा उजेड हवा. मेजवानीच्या त्या प्रसिद्ध चित्रासारखी सगळी माणसं टेबलाच्या एकाच बाजूला बसवा. लेण्यातल्या शिल्पासारखी मान वाकडी करा. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत चोराची भीती कुठेच नसते, देवदर्शनाला निघालेल्या माणसाचं समाधान असतं. मला ते आवडतं. चित्र भिंतीवर गप्प असतं. सिनेमा त्याला म्हणतो, चल, जरा हालचाल कर.

माणसंही अशीच उचलली जातात. एकदा एका मोठ्या राष्ट्रीय नेत्यावर सिनेमा निघाला होता. ज्यांचा फोटो प्रत्येक शाळेत असतो, असे नेते. त्यांचं काम करणारा नट रंगभूषा करून, तसाच, बाजारातल्या आमच्या नेहमीच्या टपरीवर चहाला आला. टपरीवरची सगळी माणसं उठून उभी राहिली. एका आबांनी तर टोपी काढून हात जोडले. नट बिचारा ओशाळला. "आबा, मी नट आहे हो," म्हणाला. आबा म्हणाले, "ठावं हाय की मला. पर बसवत न्हाई." मग त्या नटानं सवयीनं खिशातून बिडी काढली, तसा टपरीवाला कडाडला, "ओ सायब! ह्या कपड्यात न्हाई! कापडं बदला, मंग फुका!" नटानं खाली बघत बिडी परत ठेवली. नंतर त्यानं मला सांगितलं की भूमिका कशी करायची हे त्याला त्या क्षणी समजलं. सिनेमात एक प्रसंग आहे, नेते खोलीत येतात आणि नको नको म्हणत असतानाही सगळे उठतात, तेव्हा ते खाली बघतात. लोकांनी त्या नजरेचं फार कौतुक केलं. ती आमच्या टपरीवरची नजर आहे.

सांगायचं ते सोडून मी गमतीच सांगत बसलोय. ही माझी जुनी पळवाट.

त्या वर्षी लावणीतच एक युनिट आलं. दिग्दर्शक तरुण, मनानं चांगला, कवी वाटावा असा. त्यानं पहिल्याच दिवशी एक चित्र पुढे ठेवलं आणि मी उडालोच, कारण ते चित्र माझ्या ओळखीचं होतं. शाळेत आमच्या चित्रकलेच्या सरांनी वर्गात लावलेलं. एका परदेशी चित्रकाराचं फार जुनं, फार गाजलेलं. कापणी झालेल्या शेतात तीन बायका वाकून सांडलेली कणसं वेचतायत. चेहरे धड दिसत नाहीत, दिसतात त्या पाठी. सर म्हणायचे, "पोरांनो, पाठ काढायला शिका. चेहरा काय, तो खोटं पण बोलतो." मी ते चित्र वहीत कितीदा तरी उतरवलं होतं. दिग्दर्शकाला ते मावळात हवं होतं. तीन बायका, पावसासाठी डोक्यावर बांबूची इरली घेतलेल्या, भाताच्या खाचरात, मागे लोहगड. मी छातीठोकपणे सांगितलं, "सर, जागा माझ्या घरचीच आहे. बायकाही घरच्याच देतो. माझी आईच घ्या."

मला आजही कळतं की तेव्हा मी किती आनंदात होतो. वर्गाच्या भिंतीवरचं चित्र माझ्या बापाच्या खाचरात उतरणार होतं, आणि त्यातली एक पाठ माझ्या आईची असणार होती.

पण दिग्दर्शकाला हवा होता त्या चित्रातला सोनेरी उजेड. तो चित्रात कापणीचा होता, आमच्याकडे आषाढ होता. आमचे चुलते म्हणाले, "आखाडात सोनं मागतोय व्हय? दिवाळीला ये म्हणावं." आम्ही वाट बघत बसलो. रोज सकाळी ढगांकडे बघायचं, चहा प्यायचा, परत जायचं. आणि एके दिवशी, सकाळीच, ढग पूर्वेकडून उचकटले आणि पिवळा, ओला, मधासारखा उजेड थेट आमच्या खाचरावर पडला. तो दिवस सावडीत हौसामावशीचा होता.

हौसामावशी म्हणजे माझ्या आईची जिवाची मैत्रीण. नात्यानं मावशी नव्हे. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन मळवलीत आल्या आणि पहिल्या लावणीला शेजारी शेजारी वाकल्या, तेवढं नातं. आईचं नाव पार्वती, मावशी तिला पारू म्हणायची. मावशीच्या नवऱ्याचा पाय अधू, घरची लावणी सगळी तिच्या अंगावर. त्या दिवशी पहाटे तिनं बायकांबरोबर आपली रोपं उपटली, जुड्या बांधून बांधावर रचल्या आणि शिरगावला साईबाबांच्या मंदिरात गेली, मुलीचं लग्न ठरल्याचा नवस फेडायला. जाताना आईला म्हणाली, "पारे, तुझ्या जिवावर जाते. दिस बुडायच्या आत खाचर हिरवं कर."

आमचं खाचर वरच्या अंगाला होतं, चिखलणी झालेलं, पण आमची रोपं अजून वाफ्यातच होती. ती उपटायला वेळ लागला असता आणि उजेड गेला असता. खाली बांधावर मावशीच्या जुड्या होत्या. हिरव्यागार, धुतलेल्या, तयार.

"आरं, ती हौसाची हायेत," आई म्हणाली.

"दोन-चार जुड्यांचा प्रश्न आहे, आई. झालं की परत तिच्या खाचरात लावू."

तेवढ्यात कलादिग्दर्शक, म्हणजे माझा साहेब, आला. "रोपं कोणाची आहेत? विचारलंय ना?"

"घरचीच आहेत सर," मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर खोचला.

त्या दिवसाचा पुढचा भाग खरं तर फार गमतीचा होता. दिग्दर्शक म्हणाला, बायकांनी लावत लावत कॅमेऱ्याकडे पुढे यावं. आई म्हणाली, "पुढं कशा येऊ? लावल्यालं तुडवू की." मग तो म्हणाला, ठीक आहे, मागे जा. त्या मागे गेल्या आणि चौकटीच्या बाहेर गेल्या. कॅमेरा हलवला. मग पाठी तिन्ही एका उंचीला आल्या. चित्रात तसं नाही, एक अर्धवट उठलेली आहे. "काकू, तुम्ही जरा कंबर दुखल्यासारखं करा," तो तिसरीला म्हणाला. ती म्हणाली, "करायला कशाला पायजे? दुखतीच हाय." सगळं युनिट हसलं. सावडीच्या बाकीच्या बायका काम टाकून बांधावर जमल्या आणि एखाद्या लग्नात बसल्यासारख्या सूचना करू लागल्या. "पारे, पदर नीट घे, टाकीजात दिसंल!"

आणि प्रत्येक टेकला, म्हणजे दृश्य पुन्हा घेताना, लावलेली रोपं उपटली जात होती. चिखल पुन्हा सपाट, पुन्हा नव्या जुड्या, पुन्हा लावणी. एकदा उपटलेलं रोप एकदाच रुजतं. दुसऱ्यांदा उपटलं की त्याचं मूळ तुटतं, पात वाकते आणि ते दोरीसारखं हातात लोंबतं. चौकटीत मागे सगळीकडे हिरवं दिसायला हवं होतं, म्हणून दोन-चार जुड्यांच्या जागी सगळा ढीग वर आला. मीच वाहून आणला. माझं लक्ष फक्त उजेडाकडे होतं. शेवटच्या टेकला तो उजेड आईच्या पाठीवर असा काही पडला, की दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

मावशी परत आली तेव्हा दिवे आणि केबल गुंडाळणं चाललं होतं. कपाळाला उदी, हातात प्रसादाची पुडी. तिचं खाचर सकाळी होतं तसंच, पाण्यानं भरलेलं आणि मोकळं. आणि आमच्या बांधावर तिच्या वर्षाच्या भाताचा गाळ पडला होता.

"हे कुनी क्येलं?"

साहेब माझ्याकडे वळला. "तू तर घरची म्हणालास?"

आणि मी म्हणालो, "आई म्हणाली होती आपली आहेत म्हणून."

मला ते वाक्य बोलताना आपल्या तोंडाची हालचाल आठवते. ते किती सहज निघालं, हेही आठवतं. मावशीनं आईकडे बघितलं. "पारू, तू म्हनलीस?"

आईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या साहेबाकडे, मग आपल्या चिखलाच्या हातांकडे. "चुकलं माझं, हौसे," ती म्हणाली.

युनिटनं भरपाई देऊ केली. मावशीनं ती हातात घेतली नाही. "रोपं काय दुकानात मिळत्यात?" मग तिनं घराघरांतून उरलीसुरली रोपं मागून आणली, कोणाची बुटकी, कोणाची लांबडी, आणि उशिरा, मुलीला घेऊन दोघींनीच लावली. पीक विरळ आलं. त्या हिवाळ्यात तिच्या मुलीच्या लग्नात तांदूळ विकतचा होता. आमच्याकडे मुलीच्या मांडवात घरच्या इंद्रायणीचा भात नसणं म्हणजे काय, ते मावळातल्या माणसाला समजावून सांगायला नको. पातेल्यावरचं झाकण काढल्यावर येणारा वास त्या दिवशी आला नाही, आणि पंगतीतल्या कोणी तरी ते बोलून दाखवलं. मी त्या पंगतीत वाढत होतो.

तेव्हापासून मावशी आईशी बोलेनाशी झाली. पण या दोन बायकांचं न बोलणंसुद्धा बोलण्यासारखंच होतं. मावशी आमच्या दारावरून जाताना आपल्या शेळीला म्हणायची, "चल गं, हितं नगं थांबू. हितं दुसऱ्याचा पाला आपला म्हणून खात्यात." आई आतून भांड्याला ऐकवायची, "शेळी शाणी हाय, मालकिनीला अक्कल यायची हाय." म्हैस व्याली की आई ओट्यावर उभी राहून आभाळाला सांगायची, "खरवस क्येलाय. ज्याला पायजे त्यानं डबा धाडावा!" समोरून मावशीच्या घरातून डबा यायचा, माझ्या बायकोच्या हातात. खरवस भरून गेला की दुसऱ्या दिवशी तो परत यायचा, आत कांदाभजी. मग मावशी शेळीला विचारायची, "खारट झाली न्हाईत ना गं?" आणि आई म्हशीला सांगायची, "मीठ बरोबर हाय म्हणावं."

सावड मावशीनं मोडली नाही. आमच्या दिवशी ती यायची, सगळ्यांच्या आधी वाकायची. फक्त जेवायला आमच्यात बसायची नाही. आपली भाकरी फडक्यात बांधून आणायची आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून खायची. आणि तिच्या दिवशी आईला बोलावणं यायचं नाही. त्या दिवशी आई घरात राहून विनाकारण भांडी घासायची.

ती चौकट मात्र गाजली. सिनेमा फारसा चालला नाही, पण ते दृश्य पोस्टरवर आलं, मग कॅलेंडरवर, मग मोबाइलवर. लोणावळ्याच्या एका हॉटेलात ते आख्ख्या भिंतीवर मोठं करून लावलंय. एकदा आईला डोळे तपासायला नेलं होतं, तेव्हा आम्ही तिथं मिसळ खायला बसलो, नेमकं त्याच भिंतीखाली. आईनं वर बघितलं, चष्मा सारखा केला. "माझी पाठ बघ, तवा कशी कमानीवाणी वाकायची." मग म्हणाली, "आन रोपं किती बेस हायेत रं." तिनं मिसळ संपवली. माझी तशीच राहिली.

मला नेहमी वाटतं, त्या परदेशी चित्रकारानं ज्या तीन बायका बघितल्या, त्यांची नावं काय असतील? शेत कोणाचं होतं? चित्र काढून झाल्यावर त्या घरी जाऊन काय जेवल्या? त्यांची पाठ जगभरातल्या भिंतींवर आहे आणि नाव कुठेच नाही. मग ती पाठ सरांच्या वर्गात आली, तिथून माझ्या वहीत, तिथून दिग्दर्शकाच्या डोळ्यांत, तिथून आईच्या अंगात. चित्र असं माणसामाणसांतून वाहत जातं, यात मला आजही आनंदच वाटतो. पण त्या चित्रातल्या बायका सांडलेलं उचलत होत्या. आम्ही रुजणारं उपटलं. सारखी दिसणारी दोन वाकणी सारखी नसतात, हे मला त्या दिवशी दिसायला हवं होतं. मी आयुष्यभर खोट्याला खरं करण्याचं काम केलं, त्याचा मला अभिमान आहे. पण ते भिंतीपुरतंच करावं.

सांगायचं किती वेळा ठरवलं! लावणीत ठरवायचो, मग म्हणायचो आत्ता कामाची घाई आहे, कापणीत सांगू. कापणीत म्हणायचो, दिवाळीचा गोडवा कशाला घालवा. आईशीही कधी बोललो नाही. तिनं विचारलं नाही, मी काढलं नाही. ती माझ्या ताटात वाढत राहिली.

यंदाच्या लावणीतला आमचा दिवस होता. दोघी आता थकल्यात, चिखलात उतरत नाहीत. वाफ्यापाशी बसून रोपं उपटतात आणि जुड्या बांधतात, आई या टोकाला, मावशी त्या टोकाला. मधे माझी बायको आणि इतर बायका. पाऊस भुरभुरत होता. रस्त्यावर एक गाडी थांबली आणि त्यातून पुण्याचं एक लग्न ठरलेलं जोडपं उतरलं, बरोबर फोटोग्राफर. मुलीला नऊवारी आणि डोळ्यांवर गॉगल, मुलाला धोतर आणि पायात पांढरे बूट. फोटोग्राफरनं मोबाइल पुढे केला. "काका, ही जागा इथंच कुठं आहे ना?" मोबाइलवर आईची पाठ होती.

"हीच आहे," मी म्हणालो.

त्यांना अगदी तस्संच हवं होतं. रिसॉर्टमधून भाड्यानं आणलेली बांबूची इरलीसुद्धा होती, आमच्या बायका तर केव्हाच प्लॅस्टिकवर गेल्यात. अडचण एकच. चौकटीत पाठी तीन आणि त्यांच्याकडे बाई एक. फोटोग्राफर नवऱ्या मुलाला म्हणाला, तूच ओढणी घेऊन वाक, चेहरा दिसत नाही. तिसऱ्या पाठीचं बघू.

मावशी शेळी जवळ नसल्यामुळे वाफ्याला म्हणाली, "बया, ही दाडीवाली नवरी कोन म्हणायची?"

आई तिकडे न बघता म्हणाली, "धोतरावर ओढनी. जावई व्हायच्या आदीच सून झाला." बायका हसून हसून चिखलात बसायच्या बेताला आल्या. नवरी मुलगीही गॉगल काढून हसली. बरं चाललं होतं सगळं.

मग फोटोग्राफर बांधाकडे वळला आणि त्यानं जुड्यांना हात घातला. "काका, दोन-चारच घेतो. झालं की परत लावून देऊ."

"हात लावू नका!"

मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की पलीकडच्या खाचरातले बगळे उडाले. तो पोरगा जुड्या टाकून मागे सरला. मधल्या बायका उभ्या राहिल्या.

"आरं, येवढं काय वरडाय झालं?" मावशी थेट मलाच म्हणाली. "चार जुड्या तर हायेत. लग्नाची पोरं हायेत. दे की."

ती असं म्हणाली. ती. माझे पाय चिखलात होते. घाई होती, पाऊस होता, परकी माणसं समोर उभी होती, न बोलण्याची सगळी कारणं हजर होती.

"मावशी," मी म्हणालो, "तुझी रोपं मी उपटली होती. आई नको म्हणाली होती. ती हौसाची हायेत, असं तिनं मला सांगितलं होतं. साहेबाला घरची आहेत म्हणून मी सांगितलं. आणि तू विचारल्यावर नोकरीच्या भीतीनं आईचं नाव घेतलं. तुझं खाचर माझ्यामुळे रिकामं राहिलं. मुलीच्या मांडवात तुला विकतचा भात माझ्यामुळे घालावा लागला. माझं चुकलं."

मावशी उठली. गुडघ्यावर हात ठेवत, वाफ्याच्या कडेनं, ती आईच्या टोकाला आली आणि आईसमोर उभी राहिली.

"पारे," ती म्हणाली. शेळीला नाही, वाफ्याला नाही. "तू का न्हाई बोललीस?"

आईनं हातातली जुडी बांधून पुरी केली. "त्याचं पोर रांगत व्हतं. काम गेलं आसतं त्याचं."

"आन तुझं नाव गेलं ते?"

"तुला वाटलं, पारू आसं करील म्हणून. ते लय लागलं. मंग म्हनलं, ऱ्हाऊ दे."

मावशीचा चेहरा एकदा रडवेला झाला, एकदा रागीट, आणि मग तो सगळा राग शोधत शोधत माझ्यापाशी आला. "सुदाम्या! इतकी वरसं मी हिच्या घरचा घास खाल्ला न्हाई. खरवस चोरासारखा खाल्ला. आन तू बघत बसला व्हतास?"

"हो."

"माझी माफी मला नगं. माझं पीक दुसऱ्या वर्षाला आलं." तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथंच, तिच्या शेजारी, खाली बसली. "हिची माग. आदी हिची माग."

नवरा मुलगा ओढणी हातात धरून उभा होता. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला होता. मी चिखलातून वर आलो. इतक्या वर्षांत मी मावशीची माफी मनात हजारदा मागितली होती, शब्द घोटून ठेवले होते. आईसाठी माझ्याकडे एकही शब्द तयार नव्हता. तिच्यापुढे मी वाकलो, तिचे पाय चिखलानं भरलेले होते, ते धरले.

"आई," मी म्हणालो, "मी तुझं नाव खोटं घेतलं. मला माफ कर."